मागील पानावरून पुढे

माणूस हा तुलना करणारा प्राणी आहे. दोन भाऊ, दोन सुना, दोन गावांचं पाणी, दोन हॉटेलांतला चहा, काहीही जोडीनं समोर आलं की आपल्या मनातला तराजू आपोआप वर उचलला जातो. आणि समोर एकच वस्तू असली तर? तर दुसरी आपण भूतकाळातून काढतो. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द त्याचसाठी जन्माला आले. आमच्या वेळचा आंबा, आमच्या वेळचे मास्तर, आमच्या वेळचा पाऊस. गावसकर मोठा की तेंडुलकर, या प्रश्नावर लग्नाच्या पंगतीत वरणभात गार झालेला आणि मठ्ठा गरम झालेला मी पाहिला आहे.

अमेरिकन माणूसही शेवटी माणूसच. त्यांच्याकडे हा वाद बास्केटबॉलवरून होतो. आजोबा म्हणतात बिल रसेल, बाप म्हणतो मायकेल जॉर्डन, नातू म्हणतो लेब्रॉन जेम्स, आणि एखादे पणजोबा हयात असले तर ते कोपऱ्यातून जॉर्ज मायकनचं नाव घेतात आणि कोणी लक्ष देत नाही म्हणून पुन्हा डुलकी घेतात. सर्वांत थोर कोण? हा खटला तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यासारखाच. फरक एवढाच की यात वकिलाची फी नाही, त्यामुळे तो मिटण्याची आशाही नाही.

आता पाच फूट पाच इंच उंचीच्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसानं या सात-सात फुटी लोकांच्या भानगडीत का पडावं? माळ्यावरचा डबा काढायला ज्याला स्टूल लागतं, त्यानं दहा फुटांवरच्या कड्याविषयी बोलावं का? पण अहो, हा वाद खेळाचा नाहीच मुळी. हा हिशेबाचा वाद आहे. अमेरिकन माणूस खेळ नुसता पाहत नाही, लिहून ठेवतो. कोणी किती वेळा चेंडू फेकला, किती वेळा आत गेला, हे सगळं १९४६ पासून खतावणीत आहे. जिथे खतावणी दिसते तिथे कॉमर्सच्या पदवीधराचे हात शिवशिवतात. आणि आमच्या धंद्यातला पहिला धडा असा, की दोन खात्यांच्या बेरजा शेजारी मांडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. दोन्हीकडचं चलन एकच आहे ना? आणि दोन्हीकडचे रकाने सारखे आहेत ना?

तेवढंच करायचं ठरवलं तरी एक जन्म जातो. ऐका.

पहिलं खातं जॉर्ज मायकनचं. सहा फूट दहा इंच उंच आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. फोटो पाहिला तर वाटतं, हे गृहस्थ भूगोल शिकवत असावेत. पण मिनियापोलिसच्या लेकर्स संघाचा हा आधारस्तंभ होता आणि १९४९ ते १९५४ या सहा वर्षांत त्याच्या जोरावर लेकर्सनी पाच अजिंक्यपदं मिळवली. १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरच्या पाटीवर ‘आज न्यूयॉर्क संघ विरुद्ध लेकर्स’ असं लिहिलेलंच नव्हतं. ‘जॉर्ज मायकन विरुद्ध न्यूयॉर्क’ असं लिहिलं होतं. एका बाजूला संघ, दुसऱ्या बाजूला चष्मा.

मायकनचं करायचं काय, हा तेव्हाचा राष्ट्रीय प्रश्न होता. कॉलेजात असताना तो आणि बॉब कर्लंड नावाचा दुसरा एक उंच गडी कड्यात पडू लागलेला चेंडू वरच्यावर हातानं उडवून लावत. म्हणून १९४४ मध्ये नियम झाला, की खाली येऊ लागलेल्या चेंडूला हात लावायचा नाही. पुढे तो व्यावसायिक झाला आणि कड्याखाली ठाण मांडून उभा राहू लागला. कड्यासमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचं नाही असा नियम होताच. १९५१ मध्ये तो पट्टाच सहा फुटांचा बारा फूट रुंद करण्यात आला. एका माणसाला लांब उभं करण्यासाठी देशभरातल्या मैदानांची आखणी बदलली. आमच्या गल्लीतला रस्ता रुंद व्हावा म्हणून आम्ही किती अर्ज केले. पण आमच्यात कोणी मायकन नव्हता.

तरी प्रश्न सुटेना. १९५० च्या २२ नोव्हेंबरला फोर्ट वेनच्या संघानं लेकर्सविरुद्ध एक नामी युक्ती केली. चेंडू टाकायचाच नाही. धरून ठेवायचा, आपसात फिरवायचा, वेळ काढायचा. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्याचा निकाल लागला १९ विरुद्ध १८. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे. प्रेक्षकांनी काय केलं असेल? पोस्टाच्या रांगेत माणसं जे करतात तेच.

यावर तोडगा काढला तो सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. या गृहस्थांचा धंदा बोलिंग खेळण्याची जागा चालवण्याचा. त्यांनी रंगतदार सामन्यांचे आकडे पाहिले. त्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू कड्याकडे टाकत. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२०, उत्तर २४, बाकी शून्य. झालं! चोवीस सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम १९५४-५५ च्या मोसमापासून आला, तो आजही आहे. जगातला एक प्रचंड धंदा एका चौथीतल्या भागाकारावर उभा आहे, या विचारानं मला फार बरं वाटतं.

पण आमचा हिशेब मात्र तिथेच बोंबलला. आदल्या मोसमात एक संघ सामन्यामागे सरासरी ७९.५ गुण करायचा; नियम येताच तो आकडा ९३.१ झाला. म्हणजे एका वर्षात चलनच बदललं. आणि मायकन? तो नेमका या नियमाच्या तोंडावर निवृत्त झाला. नंतर एका मोसमात थोडे दिवस परत येऊन गेला, सेवानिवृत्त माणूस ऑफिसात चक्कर मारून जातो तसा. त्याची सारी कमाई जुन्या नाण्यांत. ती आजच्या नाण्यांशेजारी कशी मोजायची?

दुसरं खातं उघडलं की ऑडिटरचा चष्माच गळून पडतो. विल्ट चेंबरलेन, उंची सात फूट एक इंच, मोसम १९६१-६२. सरासरी गुण सामन्यामागे ५०.४. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू पकडणं, सामन्यामागे २५.७. आणि मैदानावरची हजेरी? सामन्यामागे ४८.५ मिनिटं. आता सामनाच मुळी ४८ मिनिटांचा. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवतात, त्याचा हा अर्धा मिनिट. वर्षभर पूर्ण हजेरी लावून शिवाय ओव्हरटाइम! असं मस्टर मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

त्याच मोसमात, २ मार्च १९६२ रोजी, हर्शी या चॉकलेटच्या गावी त्यानं न्यूयॉर्कविरुद्ध एकट्यानं शंभर गुण केले. त्याचा फिलाडेल्फिया संघ १६९–१४७ असा जिंकला. प्रेक्षक ४,१२४. दूरदर्शनवाले आलेच नव्हते, त्यामुळे चित्रफीत नाही. सामन्यानंतरचा एक फोटो आहे. विल्ट बसला आहे आणि त्याच्या हातात एक कागदाचा कपटा, त्यावर हातानं लिहिलेलं ‘१००’. आमच्या भाषेत व्हाउचर. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढ्या रकमेचं दुसरं व्हाउचर कोणाला आणता आलेलं नाही.

इथे नातवाच्या पक्षाचा वकील उभा राहतो. म्हणतो, “महाराज, त्या वर्षी गुणांचा सुकाळ होता.” आणि ते खरं आहे. १९६१-६२ मध्ये प्रत्येक संघाची सरासरीच ११८.८ होती. धावायचं, टाकायचं, हुकायचं, पुन्हा धावायचं. हुकलेले चेंडू इतके, की एका संघाला सामन्यामागे सत्तरच्या वर रिबाउंड मिळत. हल्ली चव्वेचाळीसच्या आसपास मिळतात. झाडाला आंबेच जास्त लागले तर टोपली भरायचीच. उलट २००३-०४ मध्ये संघाची सरासरी घसरून ९३.४ वर आली होती. म्हणजे साधं त्रैराशिक मांडलं, तर विल्टचे ५०.४ त्या वर्षीच्या भावानं ३९.६ भरतात. आकडा हातात आल्यावर मलाही क्षणभर निकाल लागल्यासारखं वाटलं. पण त्रैराशिकातले मजूर कधी आजारी पडत नाहीत, त्यांना कोणी ढकलत नाही आणि मुकादम बदलला म्हणून ते काम बिघडवत नाहीत. दहा मजूर पाच दिवसांत भिंत बांधतात तर एक मजूर पन्नास दिवसांत बांधील, हे फक्त गणिताच्या पुस्तकात. खऱ्या जगात तो तिसऱ्या दिवशी गावी जातो.

आता या खतावणीतली सर्वांत चमत्कारिक नोंद सांगतो. पन्नास सरासरीच्या त्या मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा किताब विल्टला मिळाला नाही. तो बिल रसेलला मिळाला. त्याची त्या वर्षीची सरासरी एकोणीसच्या आत. आणि हा किताब द्यायचा कोणी? त्या काळी पत्रकारांना मत नव्हतं. खेळाडूच मतं देत. म्हणजे ज्यांच्या डोक्यावरून विल्टनं पन्नास-पन्नास गुण टाकले होते, त्यांनीच हात वर करून सांगितलं, की आम्हाला जड गेला तो हा नव्हे, तो दुसरा.

का? कारण रसेल जे करायचा त्याला रकानाच नव्हता. त्याचं काम अडवण्याचं. समोरच्यानं टाकलेला चेंडू हवेतच थोपवायचा. तोही प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घ्यायच्या नाहीत. हलकेच टोलवून आपल्याच गड्याच्या हातात द्यायचा, की तो निघाला धावत. पण असे थोपवलेले चेंडू, म्हणजे ब्लॉक, अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये, विल्ट १९७३ मध्ये. म्हणून या दोन महाभिंतींच्या खात्यावर ब्लॉकचा रकाना आजही कोरा आहे. शंभर वर्षांनी एखादा संशोधक फक्त आकडे पाहील, तर त्याला वाटेल हे दोघे हाताची घडी घालून उभे असत. मोजलं गेलं नाही म्हणजे घडलं नाही, असं नव्हे. घरातल्या बाईच्या कामाला कुठल्या ताळेबंदात रकाना असतो? पण एक दिवस ती माहेरी गेली की शिल्लक कळते.

रसेलच्या खात्यावर एकच रकाना भरगच्च आहे, अजिंक्यपदांचा. तेरा मोसमांत अकरा. त्यातली शेवटची दोन तर त्यानं खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी मिळवली. १९६६ मध्ये त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला तोच. यावर पुन्हा नातवाचा वकील उठतो. “तेव्हा संघच मुळी आठ-नऊ. दोन फेऱ्या जिंकल्या की चषक. आता तीस संघ आणि चार फेऱ्या!” लगेच आजोबांचा वकील, “संघ आठ-नऊ म्हणूनच तर देशातले निवडक शंभरेक गडीच आत. दुबळा संघ औषधालासुद्धा नव्हता!” आकडा एकच. एकानं नावे टाकला, दुसऱ्यानं जमा केला. आणि दोघांच्याही वह्या जुळतात, हीच तर हिशेबाची गंमत.

आणखीही काही नोंदी राहिल्या आहेत. १९६१ च्या ऑक्टोबरात केंटकीतल्या लेक्सिंग्टन गावी रसेलचा बॉस्टन संघ एका प्रदर्शनी सामन्यासाठी उतरला होता. हॉटेलातल्या उपाहारगृहानं त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना खायला द्यायला नकार दिला. रसेल आणि त्याचे सहकारी सामना न खेळता विमान पकडून परत गेले. ज्या बॉस्टनला त्यानं चषकामागून चषक दिले, त्याच बॉस्टनजवळच्या गावात त्याच्या घरात घुसून लोकांनी चषक फोडले, भिंतींवर शिव्या लिहिल्या, अंथरुणात घाण केली. हा माणूस दुसऱ्या दिवशी उठून सरावाला जात होता. त्याची सरासरी काढताना हे कोणत्या रकान्यात धरायचं? महागाईचा निर्देशांक असतो; अपमानाचा नसतो.

तेव्हाचे एकूण हालही काही कमी नव्हते. १९६० च्या १८ जानेवारीला लेकर्सचं विमान हिमवादळात वाट चुकलं आणि आयोवा राज्यात कॅरल गावाजवळ मक्याच्या शेतात उतरवावं लागलं. आत एल्जिन बेलर बसलेला, त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. सर्व सुखरूप. हाच बेलर १९६१-६२ मध्ये लष्करी सेवेत होता. सुट्टी मिळेल तेव्हा यायचा, खेळायचा, परत जायचा. असे अठ्ठेचाळीस सामने तो खेळला आणि सरासरी ३८.३ ठेवली. रजेवर आलेला माणूस घरातलं गळकं नळकांडं सुद्धा दुरुस्त करीत नाही हो! आणि बॉस्टनचा टॉम हाइन्सन मोसमाबाहेर आयुर्विम्याच्या पॉलिस्या विकायचा. स्टीफन करीनं २०२३-२४ च्या एका मोसमात पाच कोटी डॉलरहून अधिक पगार घेतला. त्याला विमा विकायला जाणाऱ्यांचीच रांग असेल. १९६५ मध्ये विल्टचा पगार एक लाख डॉलर झाला, तेव्हा रसेलनं आपल्या मालकांकडे किती मागितले ठाऊक आहे? एक लाख एक. आहेरात वरचा एक रुपया घालतात ना, तसा. आणि तो त्याला मिळाला.

तिसरं खातं करीम अब्दुल-जब्बारचं. कॉलेजात त्याचं नाव होतं लू अल्सिंडर. हा सव्वासात फुटांच्या आसपासचा मुलगा चेंडू सरळ कड्यात कोंबायचा, त्याला डंक म्हणतात. कॉलेजवाल्यांनी १९६७ मध्ये डंकवरच बंदी घातली, आणि ती पुढे नऊ वर्षं टिकली. पोरानं काय केलं? एका हातानं डोक्यावरून, कोणाच्या बापाला थोपवता येणार नाही असा अर्धगोल फेकण्याची आपली हूक इतकी घोटली, की पुढे वीस मोसम ती कोणाला अडवता आली नाही. बंदी घालणाऱ्यांचे त्यानं आभारच मानायला हवेत. एकूण गुण ३८,३८७. त्यात लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकी किती? एक. फक्त एक.

ही तीन गुणांची रेषाही उशिरा आलेली. या लीगमध्ये ती १९७९-८० मध्ये आली. तेव्हा एका संघाचे सामन्यामागे धड तीन प्रयत्नही होत नसत. हल्ली तीसहून अधिक होतात. एकट्या करीनं २०१५-१६ मध्ये ४०२ वेळा त्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकला. आणि मौज अशी, की ही रेषा जिनं लोकप्रिय केली त्या प्रतिस्पर्धी लीगचा १९६७ मधला पहिला आयुक्त कोण? आपले चष्मेवाले जॉर्ज मायकन! ज्याला कड्यापासून दूर ठेवायला मैदान आखलं गेलं, त्याच्याच अमदानीत लांबून टाकणाऱ्याला जादा गुण मिळू लागले. करीच्या प्रत्येक लांब फेकीत मायकनचा थोडासा वाटा आहे, पण वारसांनी कधी मागितलेला नाही.

आता जॉर्डन. आमच्या पिढीनं केबलवर पाहिला तो हाच, जीभ बाहेर काढून हवेत तरंगणारा. सहा वेळा अंतिम फेरी, सहा वेळा अजिंक्यपद. आणि कारकिर्दीची सरासरी? ३०.१२. विल्टची? ३०.०७. शेकडो सामने, तीस-तीस हजारांवर गुण, आणि शेवटी फरक पाच पैशांचा! पाच पैशांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या जमातीतला मी; पण हा फरक शोधायला मीही बसणार नाही.

लेब्रॉनविरुद्ध जॉर्डनवाल्यांचं मुख्य म्हणणं असं, की लेब्रॉन दहा वेळा अंतिम फेरीत गेला आणि सहा वेळा हरला. जॉर्डन तिथे कधीच हरला नाही. खरं आहे. पण १९८५, ८६ आणि ८७ या तिन्ही वर्षी जॉर्डनचा संघ पहिल्याच फेरीत घरी परतला होता. म्हणजे न्याय असा, की शेवटच्या पेपरात नापास होणारा गुन्हेगार आणि पहिल्या पेपराला घरी बसणारा निष्कलंक. या नियमानं मीही निष्कलंक आहे. मी एकही अंतिम फेरी हरलेलो नाही.

पण जॉर्डनच्या जमेच्या बाजूलाही एक नोंद सरासरीत दिसत नाही. १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये तो आणि त्याचे नामवंत सहकारी खेळले, आणि जगभरची पोरं चेंडू घेऊन अंगणात उतरली. त्याचा परिणाम पाहा. २०१९ ते २०२५ या सात मोसमांत अमेरिकेच्या या लीगचा सर्वोत्तम खेळाडू दरवर्षी अमेरिकेबाहेर जन्मलेला होता. ग्रीसचा, सर्बियाचा, कॅमेरूनमध्ये जन्मलेला, कॅनडाचा.

या साऱ्या गोंधळात न बदललेला एकच रकाना मला सापडला. फ्री थ्रो. पंधरा फुटांवरची रेषा, दहा फुटांवरचं कडं, समोर कोणी नाही. १९६२ मध्येही शंभरातल्या सुमारे त्र्याहत्तर आत जायच्या आणि हल्ली अठ्ठ्याहत्तरच्या आसपास जातात. साठ वर्षांत भाववाढ नाही म्हणण्याइतकी कमी. इथे मात्र तुलना चोख होते, आणि इथेच विल्ट सपशेल आपटतो. कारकिर्दीत त्याच्या निम्म्याच जेमतेम आत गेल्या. फक्त त्या १९६१-६२ च्या मोसमात तो दोन्ही हातांनी खालून, आजीबाई विहिरीत बादली सोडतात तशा टाकायचा, आणि शंभर गुणांच्या त्या रात्री ३२ पैकी २८ आत गेल्या. पुढे त्यानं ती पद्धत सोडली, कारण असं टाकताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटे. सात फूट एक इंचाच्या माणसालाही लोक काय म्हणतील ही भीती चुकलेली नाही.

पण हा चोख रकाना हाती घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की चोख आहे तो तिथे कोणी अडवायला नसतं म्हणून. जिथे समोर माणूस नाही तिथेच पिढ्यांची तुलना जमते. आणि खेळ तर समोरच्या माणसाशीच असतो. मग समोरासमोर उभे राहिले त्यांचीच तुलना खरी म्हणायची, रसेल आणि विल्ट. एकशेचाळीसहून अधिक वेळा ते एकमेकांसमोर आले. बहुतेक वेळा विल्टचे गुण जास्त आणि बहुतेक वेळा रसेलचा संघ विजयी. इथे तरी निकाल लागला? छे! उलट इथेच तुलनेनं माणसं खाल्ली.

हे दोघे मित्र होते. सणाच्या दिवशी फिलाडेल्फियात सामना असला की रसेल विल्टच्या आईच्या हातचं जेवायचा, विल्टच्याच पलंगावर ताणून द्यायचा आणि संध्याकाळी दोघे एकमेकांना कोपरं मारायचे. पण लोकांना एक थोर हवा होता आणि दुसरा त्यासाठी लहान हवा होता. विल्टला जन्मभर ‘हरणारा’ हा शिक्का बसला. स्वार्थी आहे म्हणाले, तर त्यानं १९६७-६८ मध्ये गुणांचा नाद सोडून दुसऱ्यांना पास देण्यात अख्ख्या लीगमध्ये पहिला नंबर काढला. मग म्हणाले, गुण का करत नाही? १९६९ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना. शेवटच्या काही मिनिटांत गुडघा दुखावल्यानं विल्ट बाहेर बसला, पुन्हा आत यायला तयार झाला तर त्याच्या प्रशिक्षकानं घेतलं नाही, आणि बॉस्टन दोन गुणांनी जिंकलं. नंतर रसेल जाहीरपणे बोलला, की एवढ्यासाठी विल्टनं बाहेर बसायला नको होतं. झालं. वीस वर्षांहून अधिक काळ दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे रसेलनं माफी मागितली, बोलणं सुरू झालं, म्हातारपणी फोनवर गप्पा रंगू लागल्या. तोवर फार दिवस उरले नव्हते. १९९९ मध्ये विल्ट गेला, तेव्हा श्रद्धांजलीला रसेल उभा होता. ती वीस वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची? पंगतीत वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांच्याच.

म्हणून मी निकाल देत नाही. ऑडिटरनं निकाल द्यायचाही नसतो. शेरा मारायचा असतो. माझा शेरा असा. ही निरनिराळी खाती नाहीतच, हे एकच खातं आहे आणि त्याची पानं बदलत गेली आहेत. जुन्या खतावणीत पान संपलं की खाली बेरीज मांडायची आणि नव्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असं लिहून तीच रक्कम उतरवायची. नव्या पानानं ती रक्कम आपली कमाई म्हणून मिरवायची नसते आणि ती नाकारूनही चालत नाही. मायकनमुळे मैदान रुंद झालं, ते विल्टला मिळालं. विल्टमुळे १९६४ मध्ये तोच पट्टा सोळा फुटांचा झाला, तो करीमला मिळाला. रसेल उपाशी परतला, म्हणून मागून आलेल्यांना ताट मिळालं. २००९ पासून अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब रसेलच्या नावानं दिला जातो. २०२२ मध्ये तो गेल्यावर त्याचा सहा नंबर साऱ्या लीगनं कायमचा उतरवून ठेवला. तेव्हा लेब्रॉनच्या पाठीवर सहाच होता. तसाच ठेवायची त्याला मुभा होती. तरी पुढच्या वर्षी त्यानं तो उतरवला आणि आपला जुना तेवीस पुन्हा घातला.

७ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री याच लेब्रॉननं करीमचा ३८,३८७ चा आकडा ओलांडला. तो विक्रम करीमनं १९८४ मध्ये विल्टला मागे टाकून आपल्या नावावर केला होता. सामना थांबला. पंचाहत्तर वर्षांचे करीम प्रेक्षकांतून उठून मैदानावर आले, चेंडू हातात घेतला आणि लेब्रॉनकडे दिला. आमच्या बँकेत याला चार्ज देणं म्हणतात. मग टाळ्या झाल्या, फोटो झाले, लेब्रॉनच्या खात्यावर त्या रात्रीचे ३८ गुण जमा झाले आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

तो सामना लेकर्स तीन गुणांनी हरले. रसेल असता, तर त्यानं आधी तेच विचारलं असतं.